बखर, डायरी आणि रानपिंगळा

इंग्लंडमध्ये लंडनच्या वायव्येस ट्रिंग नावाचे एक लहानसे गाव आहे. ब्रिटनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचा पक्षिसंग्रह तिथे ठेवलेला आहे. त्या संग्रहातल्या एका खणात एका घुबडाचे कापूस भरलेले कातडे आहे. पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ लिहिले आहे तापीकाठचे मांडवी, काळ ऑक्टोबर १९१४, आणि संग्राहक म्हणून नाव आहे रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांचे. हा पक्षी म्हणजे आपला रानपिंगळा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची अशी सातच कातडी आहेत, आणि कित्येक वर्षे मांडवीची ही नोंद त्याच्या अस्तित्वाचा शेवटचा पुरावा मानली जात होती.

आता याच महिन्यातली दुसरी नोंद पाहू. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई बंदरातून सैन्याने भरलेल्या जहाजांचा एक ताफा आफ्रिकेकडे निघाला. त्यात सुमारे आठ हजार माणसे होती, बहुतेक सगळी हिंदी. जर्मनांच्या ताब्यातले पूर्व आफ्रिकेतील टांगा बंदर जिंकून घेणे हे त्यांचे काम. या मोहिमेचा हेरखात्याचा अधिकारी होता कॅप्टन रिचर्ड मायनर्ट्झहागेन. लढाईवर निघण्याच्या गडबडीत, मुंबईपासून काही दिवसांच्या अंतरावर, हा माणूस गुजरातच्या जंगलात जाऊन एक दुर्मीळ घुबड मारून, सोलून, कापूस भरून आला, असे ती चिठ्ठी आपल्याला सांगते.

चिठ्ठी खोटी आहे. ते घुबड त्याने मारलेले नाही. ते त्याने चोरलेले आहे.

हा लेख पक्ष्यांविषयी नाही. निदान केवळ पक्ष्यांविषयी नाही. ज्या माणसाने ही चिठ्ठी लिहिली त्यानेच टांगाच्या लढाईचे सर्वांत जास्त वाचले गेलेले प्रत्यक्षदर्शी वर्णन लिहिले आहे. त्या वर्णनात आपले शिपाई भेकड आणि पळपुटे ठरतात. घुबडाच्या चिठ्ठीची शहानिशा झाली. शिपायांच्या बाबतीतली चिठ्ठी मात्र अजून बरीचशी तशीच बांधलेली आहे. माझी तक्रार एवढीच आहे.

मायनर्ट्झहागेनचे चरित्र थोडक्यात सांगायला हवे. जन्म १८७८, लंडन. घराणे बँकवाल्यांचे, श्रीमंत. सुप्रसिद्ध समाजवादी बिॲट्रिस वेब ही त्याची सख्खी मावशी. १८९९ साली तो रॉयल फ्यूझिलियर्स पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला आणि १९०२ साली 'किंग्ज आफ्रिकन रायफल्स'मध्ये बदली करून घेऊन आजच्या केनियात गेला. तिथली नोकरी नावाला लष्करी होती. वसाहत नवी, रेल्वे नुकतीच झालेली, गोऱ्या वसाहतवाल्यांना जमिनी वाटायला सुरुवात झालेली. अशा ठिकाणी पलटणीचे काम म्हणजे झोपडीपट्टी वसूल करायला पाठबळ देणे, गुरे जप्त करणे, 'बंडखोर' गावांना शिक्षा करणे. वर्दी शिपायाची आणि काम पोलिसाचे, तेही वर विचारणारा कोणी नसलेल्या पोलिसाचे. (झोपडीपट्टी हा शब्द इथे त्याच्या मूळ अर्थाने घ्यावा, झोपडीवरची पट्टी, म्हणजे कर.)

आपली ही कामगिरी त्याने स्वतःच सांगितली आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'केनिया डायरी'त, एका गोऱ्या माणसाच्या हत्येचा सूड म्हणून एका गिकुयू गावातली मुले सोडून बाकी सर्वांना मारण्याचा हुकूम आपण दिला, असे तो लिहितो. लिहिताना हात कापलेला दिसत नाही. पुढे नंदी जमातीने रेल्वेला आणि गोऱ्या अंमलाला दहा वर्षांहून अधिक काळ जो विरोध चालवला होता, त्याचा शेवटही याच्याच हातून झाला. नंदींचा धर्मगुरू आणि नेता कोइतालेल अराप सामोई याला बोलणी करण्यासाठी म्हणून बोलावण्यात आले आणि १९ ऑक्टोबर १९०५ रोजी त्या भेटीतच मायनर्ट्झहागेनने त्याला गोळी घातली. कोइतालेलच दगा करणार होता, असे त्याचे म्हणणे. त्याच्यावर एकामागून एक तीन चौकश्या बसल्या, तिन्हींतून तो सुटला. पण वरिष्ठांना ही ब्याद नकोशी झाली आणि १९०६ साली त्याला आफ्रिकेतून हलवण्यात आले. मराठी वाचकाला भेटीच्या शामियान्यात झालेल्या वधाची गोष्ट नवी नाही. तिथे कोणी आधी हात उचलला यावर आपल्याकडे केवढे वाद झाले, किती कागद धुंडाळले गेले! कोइतालेलच्या बाबतीत मात्र मारणाऱ्याचीच डायरी अनेक वर्षे इतिहास म्हणून चालली. त्या भेटीतून त्याने उचलून नेलेले कोइतालेलचे तीन दंड त्याच्या कुटुंबाकडून २००६ साली केनियात परत आले.

आता टांगा. २ ते ५ नोव्हेंबर १९१४ या चार दिवसांत जे घडले त्याला ब्रिटिश लष्करी इतिहासात नामुष्कीचे स्थान आहे. आठ हजारांच्या सैन्याला पॉल फॉन लेटो-फॉरबेकच्या हजारभर माणसांनी समुद्रात परत लोटले. त्या हजारांत बहुतांश आफ्रिकन अस्करी होते, आणि युद्ध सुरू होताच पोलीस दलातून उचलून लष्करात घातलेले पोलीसही होते. हल्लेखोरांचे आठशेहून अधिक लोक मारले गेले किंवा जखमी झाले. माल, रायफली, दारूगोळा किनाऱ्यावर टाकून जहाजे निघून गेली.

हे का झाले याची कारणे गुपित नाहीत. हल्ल्याआधी आरमाराचा कप्तान बंदरात जाऊन पूर्वीचा तहनामा संपल्याची वर्दी रीतसर शत्रूला देऊन आला. अचानक हल्ल्याचे सारे पाणी तिथेच ओतले गेले. सेनापती आर्थर एटकेनने किनाऱ्याची टेहळणी केली नाही. काही पलटणी सुटण्यापूर्वीच कित्येक दिवस जहाजांवर अडकून होत्या. मग समुद्रप्रवास, ओकाऱ्या, दाटीवाटी. एकमेकांबरोबर कधीही कवायत न केलेल्या पलटणी एकत्र बांधलेल्या. काहींच्या हाती नव्या बनावटीची रायफल निघण्याच्या तोंडावर आलेली. उतरल्याबरोबर विश्रांती न देता त्यांना रबराच्या मळ्यांतून, गच्च झाडीतून मशीनगनसमोर पाठवले. मधमाश्यांची पोळी फुटून दोन्ही बाजूंच्या लोकांना माश्या डसल्या, तो प्रसंग तर पुस्तकांतून इतका रंगवला गेला आहे की त्या लढाईलाच मधमाश्यांची लढाई म्हणतात. मेलेल्यांना मात्र माश्यांनी मारले नव्हते.

या गोंधळात काही पलटणी मोडल्या, हे खरे आहे. ते नाकारण्यात देशाभिमान नाही, नुसता भाबडेपणा आहे. पण त्याच लढाईत काश्मीर संस्थानच्या रायफल्स आणि गुरखे लँकेशायरच्या गोऱ्या पलटणीबरोबर शहरात शिरून घराघरांतून लढले. आणि आपल्या मुंबई सेनेच्या परंपरेतली १०१ ग्रेनेडियर्स ही पलटण डाव्या बगलेवर मशीनगनच्या तोंडी सापडली आणि तिथे तिची चाळण झाली. जिला पळ काढायचा असतो ती पलटण अशी कापली जात नाही.

मायनर्ट्झहागेनच्या १९६० साली छापलेल्या 'आर्मी डायरी'त मात्र हिंदी सैन्याबद्दल तुच्छतेखेरीज फारसे काही नाही. ही माणसे मुळात लढाऊच नव्हेत, हे त्याने जहाजावरच ओळखले होते म्हणे. एका हिंदी शिपायाला आपण स्वतः गोळी घातल्याचेही तो सांगतो. पराभव झाल्यावर पांढरे निशाण घेऊन जखमींची व्यवस्था करायला जर्मनांकडे जाणारा आणि तिथे त्यांच्या पाहुणचाराचा आस्वाद घेणारा शहाणा, धीट, विनोदी माणूसही अर्थात तोच. सारे मूर्ख आणि एकटा मी शहाणा, हा या डायरीचा स्थायीभाव आहे. आणि वाचायला ती मोठी बहारीची आहे, हीच अडचण आहे. लष्करी अहवाल रुक्ष असतात, डायरीत संवाद असतात, वास असतात, चेहरे असतात. चार्ल्स मिलरसारख्या लोकप्रिय लेखकाने १९७४ साली पूर्व आफ्रिकेतल्या युद्धावर पुस्तक लिहिले तेव्हा तो साहजिकच या डायरीकडे वळला. पुढच्यांनी मिलरवरून घेतले. अशा रीतीने एका माणसाचा पूर्वग्रह तीन-चार पुस्तकांच्या पायऱ्या चढून सर्वमान्य मत होऊन बसला.

समोरच्या बाजूचे बोलणे कुठे आहे? राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ साली स्वतःच्याच कारभाराचा एक अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आफ्रिकन, हिंदी आणि इतर वसाहतींतल्या माणसांना गोऱ्या मृतांइतका मान दिला गेला नाही, असे त्यात मान्य केले आहे. सुमारे ४५ ते ५४ हजार जणांचे स्मरण विषम रीतीने झाले. आणखी किमान १ लाख १६ हजार जणांची नावे कुठे कोरलीच गेली नाहीत, किंवा त्यांचे स्मारकच झाले नाही. यांतला मोठा वाटा पूर्व आफ्रिकेतला. म्हणजे ज्याचे नाव दगडावरही आले नाही त्याच्याविषयी उरलेला शब्द कोणाचा, तर मायनर्ट्झहागेनचा.

आणि या साक्षीदाराची पत काय? इथे घुबडाकडे परत यावे लागते.

१९१९ सालीच त्याला ब्रिटिश संग्रहालयाच्या पक्षिदालनात दीड वर्षाची प्रवेशबंदी झाली होती. परवानगीवाचून नमुने बाहेर नेताना तो सापडला होता. वजनदार मित्रांच्या रदबदलीने प्रकरण मिटले. पुढे त्याने जमवलेली सुमारे वीस हजार पक्ष्यांची कातडी त्याच संग्रहालयाला मिळाली आणि संग्रहालय कृतकृत्य झाले. कुजबुज होती, पण कर्नल मायनर्ट्झहागेन म्हणजे जिवंत दंतकथा. कोण बोलणार? १९६७ साली तो वारला. १९९३ साली ॲलन नॉक्स यांनी त्याच्या संग्रहातल्या काही नमुन्यांचा बारकाईने तपास करून लबाडी उघड केली. मग अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी रानपिंगळ्याचे कातडे हाती घेतले. एक्स-रे काढले, टाके पाहिले, आतला कापूस पाहिला. पक्षी सोलण्याची आणि भरण्याची प्रत्येकाची एक लकब असते, हस्ताक्षरासारखी. हे हस्ताक्षर मायनर्ट्झहागेनचे नव्हते. ते जेम्स डेव्हिडसनचे होते. हे डेव्हिडसन मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी खानदेशात, शहादे-तळोदे परिसरात, हे पक्षी मिळवले होते. त्यांचा एक नमुना संग्रहालयातून नाहीसा झाला होता. तो नाहीसा झाला नव्हता. नवा कापूस आणि नवी चिठ्ठी लेवून तो परत आला होता. रासमुसेन आणि कॉलर यांचा निबंध १९९९ साली 'आयबिस' या नियतकालिकात आला.

पक्ष्यांचे हे झाल्यावर डायऱ्यांकडे लोकांचे लक्ष गेले नसते तरच नवल. खरे म्हणजे १९९५ सालीच जे. एन. लॉकमन यांनी दाखवले होते की टी. ई. लॉरेन्सविषयीच्या मायनर्ट्झहागेनच्या नोंदी त्या त्या तारखेला लिहिलेल्या नाहीत. लॉरेन्स प्रसिद्ध झाल्यावर, त्याच्याविषयीची पुस्तके निघाल्यावर त्या मागाहून घुसडलेल्या आहेत. डायरी टंकलिखित आहे. पान काढावे, नवे टंकून घालावे, काम सोपे. २००७ साली ब्रायन गारफील्ड यांचे 'द मायनर्ट्झहागेन मिस्टरी' आले आणि इमारतच कोसळली. १९१७ साली बीरशेबाच्या लढाईपूर्वी तुर्कांना फसवण्यासाठी खोट्या कागदांची पिशवी मुद्दाम त्यांच्या हाती पडू दिली, ती सुप्रसिद्ध युक्ती मायनर्ट्झहागेनच्या नावावर होती. गारफील्डनी कागदपत्रांवरून दाखवले की कल्पना बेलग्रेव्ह नावाच्या अधिकाऱ्याची आणि घोड्यावरून जाऊन पिशवी टाकणारा आर्थर नीट. हिटलरने हात वर करून स्वतःचा जयजयकार केला तेव्हा आपणही हात वर करून 'हाइल मायनर्ट्झहागेन' म्हणालो, ही त्याने सांगितलेली हकीकत तर आता विनोद म्हणूनच वाचावी. लॉरेन्सला मात्र माणूस ओळखता आला होता. हा गृहस्थ शत्रूइतकाच मित्राला फसवण्यातही आनंद मानतो, अशा अर्थाचे त्याने आपल्या ग्रंथात केव्हाच लिहून ठेवले होते. लोकांनी ते कौतुक म्हणून वाचले.

१९२८ साली मायनर्ट्झहागेनची पत्नी, जी स्वतः उत्तम पक्षितज्ज्ञ होती, गोळी लागून मरण पावली. अपघात असा निर्णय झाला. गारफील्ड वेगळी शंका घेतात. खोटे बोलणारा माणूस खुनी असलाच पाहिजे असे नाही, आणि एका खोटारड्याला झोडपताना आपणही पुराव्यापलीकडे जाऊ लागलो तर त्याच्यात आणि आपल्यात फरक उरणार नाही. म्हणून ते प्रकरण मी इथेच सोडतो.

माझा मुद्दा वेगळाच आहे. मराठी माणसाने इतिहासाच्या साधनांबाबत एक कडक शिस्त स्वतःला लावून घेतली, ती बखरीच्या बाबतीत. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला तेव्हापासून बखर ही संशयित आरोपी आहे. बखरकार घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहितो, तारखा चुकवतो, धन्याची स्तुती करतो, भाषणे मनाने रचतो; म्हणून तिच्यापेक्षा अस्सल पत्राचा एक चिटोरा मोलाचा. हे आपण शाळेपासून घोकत आलो आहोत. ते योग्यही आहे. पण मायनर्ट्झहागेनच्या 'डायरी'कडे पाहा. घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिलेली, तारखा मागाहून घातलेल्या, संवाद रचलेले, आणि स्तुती धन्याची नव्हे तर थेट स्वतःची. ही बखरच आहे. फक्त तिच्या पानाच्या माथ्यावर वार आणि तारीख छापलेली आहे, आणि ती इंग्रजीत आहे. एवढ्याने तिची जात बदलली.

साहेबाच्या लिखाणाला आपण प्रश्नच विचारले नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. ग्रँट डफच्या इतिहासावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ साली टीका केली तेव्हा ते विद्यार्थिदशेत होते. पण डफने मत मांडले होते. मताशी भांडता येते. डायरी मत मांडल्याचा आव आणत नाही. 'मी तिथे होतो, हे मी पाहिले, त्याच रात्री लिहून ठेवले' एवढेच ती म्हणते, आणि आपण वरमतो. आमच्या भंडाऱ्याकडे स्थानिक इतिहास लिहिणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. रसेलसाहेबाने संपादलेले १९०८चे भंडारा गॅझेटियर, कोणा शिकारी अधिकाऱ्याच्या आठवणी, कोणा मिशनऱ्याची रोजनिशी यांतून ते उतारेच्या उतारे घेतात. गोंड, हलबा, ढीवर यांच्याविषयी त्या साहेबाने जे लिहिले ते नंतर स्मरणिकांत येते, भाषणांत येते, शेवटी त्याच जमातींच्या मुलांच्या पाठांतरात येते. त्या उताऱ्यांतले सगळेच खोटे असते असे मी म्हणत नाही. पण भाट-डहाक्यांच्या कवनाला जो प्रश्न आपण विचारतो तो या रोजनिश्यांना विचारलेला मला क्वचितच दिसला आहे.

या ठिकाणी कोणी म्हणेल, आठवणी लिहिणारा प्रत्येक जणच थोडेफार रचतो. खरे आहे. इंग्रजी साम्राज्याच्या आणखी एका वर्दीवाल्याचे उदाहरण घेऊ. एरिक ब्लेअर १९२२ ते १९२७ अशी पाच वर्षे ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. पुढे तो जॉर्ज ऑर्वेल झाला आणि स्पेनच्या यादवीत शिपाई म्हणून लढला. पिसाळलेल्या हत्तीला गोळी घातल्याची त्याची प्रसिद्ध हकीकत जशीच्या तशी घडली का, याबद्दल त्याच्या चरित्रकारांत एकमत नाही. मग ऑर्वेल आणि मायनर्ट्झहागेन एकाच माळेचे मणी का? मला तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही हे नीट सांगता यायला हवे. ऑर्वेलने हत्ती रचला असेल तर तो स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी. लोक हसतील या भीतीने मी नको ते केले, असे तो सांगतो. त्या निबंधावरून कोणा ब्रह्मी माणसाचे नाव कुठल्या यादीतून पुसले जात नाही. शिवाय तो निबंध आहे. लष्करी इतिहासाचे साधन म्हणून तो कोणी पुढे केलेला नाही. मायनर्ट्झहागेनची प्रत्येक भर त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होते आणि दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यातून वजा होते. डेव्हिडसनचे घुबड, नीटची दौड, बेलग्रेव्हची कल्पना, ग्रेनेडियर्सची अब्रू.

घरचे उदाहरण म्हणजे 'माझा प्रवास'. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि सत्तावनच्या बंडात सापडले. त्यांनी ते पुढे कित्येक वर्षांनी आठवून लिहिले आणि चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापले. त्यात ऐकीव गोष्टी आहेत, चुका आहेत, आणि वैद्यांनी छापताना हात फिरवलेला आहे. अभ्यासकांनी ते सारे तपासून मांडलेले आहे. पण गोडसे भटजी कुठेही शूर होत नाहीत. ते घाबरतात, लपतात, लुटले जातात, गंगेच्या पाण्याच्या कावडीची काळजी करतात. म्हणूनच झांशीच्या शहरातले ते दिवस ते सांगतात तेव्हा आपण कान देतो. आत्मचरित्र वाचताना मी अलीकडे एक गोष्ट पाहू लागलो आहे: सांगणारा शेवटचा कधी फजीत झाला? तीनशे पानांत एकदाही झाला नसेल तर मी पेन्सिल हातात घेतो.

एक प्रश्न मात्र मला सुटलेला नाही. लबाड माणूस आपल्या क्रौर्याची कबुली देतो तेव्हा तिचे काय करायचे? गिकुयू गावाची कत्तल त्यानेच सांगितली. ती खरी धरायची की तीही बढाई? खोटारड्याचे काहीच खरे धरू नये, असा नियम केला तर त्या गावातली माणसेही त्याच्या खोट्या घुबडाबरोबर कचऱ्यात जातात. आणि जेवढे त्याच्या विरुद्ध जाते तेवढेच खरे मानायचे, हाही सोयीचा न्याय झाला. कोइतालेलच्या बाबतीत तीन चौकश्यांचे कागद आहेत, नंदींच्या पिढ्यानपिढ्यांच्या आठवणी आहेत; डायरी बाजूला ठेवूनही तो खून उभा राहतो. तसा बाहेरचा आधार जिथे मिळेल तिथेच ही डायरी बोलती करावी, एवढेच मला सुचते. टांगाच्या बाबतीत तो आधार मिळतो आणि तो सरसकट भेकडपणाच्या बाजूने पडत नाही.

सालिम अलींनी या माणसाशी कसे वागावे याचा वस्तुपाठ घालून दिला होता, असे मला पूर्वी वाटे. १९३७ साली अफगाणिस्तानच्या पक्षिमोहिमेवर ते मायनर्ट्झहागेनबरोबर होते. त्या मोहिमेच्या डायरीत साहेबाने सालिम अलींविषयी आणि एकूणच हिंदी लोकांच्या लायकीविषयी कडवट शेरे मारले आहेत. सालिम अलींना ते वाचायला मिळाले, आणि १९८५ सालच्या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ते रागावून नव्हे, मिस्कीलपणे जसेच्या तसे छापून टाकले. केवढा दिलदारपणा! पण पुन्हा विचार करताना वाटते, हा दिलदारपणा सालिम अलींना परवडणारा होता. त्यांचे नाव, काम, पुस्तके त्या शेऱ्यांच्या शेजारी उभी होती. वाचकाला दोन्ही पाहून निवाडा करता येत होता. टांगाच्या मळ्यात पडलेल्या ग्रेनेडियरने कोणते आत्मचरित्र लिहावे?

रानपिंगळ्याची गोष्ट राहिली. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, तेच काँग्रेसच्या स्थापनेचे, यांनी १८७३ साली या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले ते ब्ल्यूइट यांनी आदल्या वर्षी फुलझर भागात, म्हणजे आजच्या छत्तीसगडच्या महासमुंदकडे, मिळवलेल्या नमुन्यावरून. फुलझर हे एक टोक, शहादे हे दुसरे. आमचा भंडारा जिल्हा या दोन टोकांच्या साधारण मध्यावर येतो. आमच्याकडे पहाटे किलबिलाट करतो तो साधा पिंगळा. घरांच्या वळचणीला, आंब्याच्या ढोलीत राहणारा. व्यंकटेश माडगूळकर जुन्या भंडारा जिल्ह्यातल्या नागझिऱ्याला येऊन राहिले आणि त्यांनी 'नागझिरा' लिहिले. मोठे काही घडत नसलेल्या दिवसांचे ते पुस्तक आहे, आणि पाहिले तेवढेच सांगण्यात केवढी ताकद असते ते त्यात दिसते. ते पुस्तक आणि मायनर्ट्झहागेनच्या डायऱ्या मी एकाच पावसाळ्यात वाचल्या, त्यामुळे ही तुलना डोक्यातून जात नाही.

मांडवीची नोंद खरी धरली जात होती तोवर रानपिंगळ्याचा माग चुकीच्या पत्त्यासकट काढला जात होता. ती रद्द झाल्यावर शेवटची खरी नोंद १८८४ची उरली, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे जुनी. पक्षी नष्ट झाला असे बहुतेकांनी धरलेच होते. रासमुसेन यांनी खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून डेव्हिडसनच्या जुन्या, खऱ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह त्या शहाद्याला गेल्या. नोव्हेंबर १९९७ची सकाळ होती. सातपुड्याच्या पायथ्याला, पाने झडलेल्या एका झाडावर, भर उजेडात तो बसलेला होता.